चावलेला नान

२ मे

हंगाम सुरू झाला. काल संध्याकाळी दोन सायकलवाले आले. जर्मन. दोघांचीही नाकं उन्हाने सोललेली. सायकली थेट द्राक्षाच्या मांडवाला टेकवल्या. सलाम नाही, घरचे कसे आहेत नाही, पहिला प्रश्न वायफाय आहे का. मी म्हणाले, आहे, पण आधी बूट काढा.

हिवाळ्यात लिहिण्यासारखं काही नसतं. पाहुणे आले की हात शिवशिवतो. मी इथल्या बड्या हॉटेलात मजल्यावरची बाई होते. लिफ्टसमोर टेबल, टेबलावर किल्ल्या, आणि कोण केव्हा आलं, कोणाबरोबर आलं, चेहरा कसा होता, हे सगळं लिहून वर द्यायचं. रशियनांचं ते सरकार गेलं, हॉटेल पाडलं, सवय राहिली. माणूस दारातून आत आला की तो काय लपवतोय हे मला कळतं. बढाई नाही मारत, ते माझं कामच होतं.

जर्मनांना माझ्या मुलाची, शेरोजची, खोली दिली. तीच मोठी आहे, पंखाही तिथेच. भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या नानाला हात लावायचा नाही, एवढं मोहिराने त्यांना इंग्रजीत समजावून सांगितलं. माझी सून पाहुण्यांकडून बरंच इंग्रजी शिकली आहे. लांबड्या जर्मनाने विचारलं, ही कलाकुसर आहे का. म्हटलं, हो, माझ्या मुलाच्या दातांची. रशियात सारातोवला कामाला निघाला तेव्हा ताज्या नानाचा एक घास त्याने दाताने तोडला आणि उरलेला मी टांगला. तीन वर्षं झाली. परत आला की उरलेला त्यानेच संपवायचा. नान टांगलेला असला की माणूस घराशी बांधलेला राहतो. आमच्या आजीच्या आजीपासून हेच चालत आलंय आणि कोणी त्याची परीक्षा घेत बसलेलं नाही.

दुपारी शेरोजचा फोन आला होता. मोहिराच्या फोनवर. माझ्याकडचा जुना, तारेचा, त्यावर तो कशाला करेल. त्याचा नंबर सारखा बदलतो, साइटवर फोन जवळ ठेवू देत नाहीत, म्हणून इथून आम्ही करत नाही. मोहिरा तंदूरमागे जाऊन बोलत होती, तिथे म्हणे रेंज येते. हसण्याचा आवाज मला ओट्यापर्यंत आला. मग येऊन म्हणाली, "ओचा, त्यांनी सलाम सांगितलाय. गुडघ्यांना तेल लावा म्हणाले." तोही मला ओचाच म्हणतो, म्हणजे आई. आईचे गुडघे त्याला तिकडे आठवतात, आणि शेजारची रोहत म्हणते रशियात गेलेले पोरगे आया विसरतात.

तेल लावलं.

९ मे

जर्मन अजून इथेच. पामीरचा परवाना यायचाय म्हणे. रोज सकाळी नकाशा पसरतात आणि माझ्याच देशातले रस्ते मला सांगतात. आज लांबड्याने नानाची कड कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी ती काढली, झटकली, कपाळाला लावली आणि त्याच्यासमोर कोंबड्यांना घातली. नान टाकत नाहीत हे त्याला कळावं म्हणून. त्याला वाटलं मी कोंबड्या दाखवतेय. त्याने फोटो काढला.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी त्याचा प्याला काठोकाठ भरला. पाहुण्याला अर्धा प्याला द्यायचा असतो, म्हणजे तो पुन्हा मागतो, पुन्हा आपण ओततो, तो बसून राहतो. काठोकाठ भरला की ज्याने त्याने ओळखायचं आणि टोपी उचलायची. लांबड्या प्यायला आणि मोहिराला म्हणाला, तुमच्या सासूबाईंचा हात किती सढळ आहे. मोहिरा ओढणी तोंडाशी धरून आत पळाली.

१८ मे

माझा वाढदिवस. शेरोजने शाल पाठवली. तिकडून येणाऱ्या कुणाबरोबर तरी दिली होती, मोहिरा स्टँडवर जाऊन घेऊन आली. निळी, कडेला लाल गुलाब. लगेच खांद्यावर टाकली आणि रोहतकडे मीठ मागायला गेले. घरात मीठ होतं.

रोहतने शाल बोटांनी चाचपली. "सवरी अपा, छान आहे हो. आपल्या बाजारात आत शिरल्यावर डाव्या हाताला टांगल्यात ना, तसलीच."

मोहिरा माझ्यामागे आली होती. म्हणाली, "मावशी, त्यांच्याकडचा माल आपल्याकडे येतो, तोच इथे टांगतात."

सून तशी मुखदुर्बळ, पण नवऱ्याची बाजू घ्यायची वेळ आली की जीभ चालते. ते बरं वाटलं. मग लक्ष गेलं, कानात कुड्या नाहीत. लग्नात मी घातलेल्या. विचारलं तर म्हणे, फिरकी तुटली, सोनाराकडे टाकल्यात. मला ते पटलं नाही. माहेरी भावाला दिल्या असतील. सोनाराची पावती मागेन एकदा.

२७ मे

नवा पाहुणा. एकटी बाई, साठीची, पाठीवर स्वतःच्या वजनाचं पोतं. नाव यित्का, प्रागजवळच्या कुठल्याशा गावची. रशियन बोलते, शाळेत मारून मुटकून शिकवलेली, पण कळतं. नवऱ्याचं विचारलं तर म्हणाली, "होता. आता दुसऱ्या कोणाचा तरी आहे." आणि हसली. असल्या गोष्टीवर हसणाऱ्या बाईपासून जपून राहावं.

तिला इथे फिरायला काय आहे ते सांगायला गेले, मोठा ध्वज, संग्रहालय, बाग. तिला नको. तिला बसचे थांबे बघायचे होते, लोक रांगेत काय बोलतात ते ऐकायचं होतं. आज एका सरकारी इमारतीसमोर भिंतीवरच्या पोपडीचा फोटो काढला म्हणून शिपायाने धरलं. सोडवायला मोहिरा गेली. परत आल्या त्या दोघी हातात आइस्क्रीम घेऊन.

जेवताना यित्काने विचारलं, "भिंतीवर नान का टांगलाय?"

"मुलाचा आहे. बाहेर गेलाय. आल्यावर खाईल."

"कधी गेला?"

"तीन वर्षं झाली."

तिचा घास हातात राहिला. "आणि आलाच नाही तर?"

"असं इथे कोणी विचारत नाही."

"चुकलं माझं. पण दुसऱ्या कोणी खाल्ला तर?"

"तर तो जिथे असेल तिथे उपाशी राहील."

"मग फेकून दिला तर?"

"नान फेकत नाहीत," मोहिरा म्हणाली. ती दारात ताटं घेऊन उभी होती. "तोच तर घोळ आहे. फेकता येत नाही."

मी तिला म्हणाले, उंबऱ्यात उभी राहू नकोस, ताटं ठेव.

३ जून

रोहत भिंतीवरून डोकावली. तिचं बघून झाल्याशिवाय आमच्या गल्लीत कोणाचं काही पूर्ण होत नाही. "अपा, तुमच्या सुनेला पाहिलं कालव्याकाठच्या बागेत. परदेशीण शेजारी. सून रडत होती आणि परदेशीण तिला सूर्यफुलाच्या बिया सोलून देत होती."

"कांदा चिरत असेल."

"बागेत?"

मी तिला म्हणाले, तुझ्या चुलीवर काहीतरी करपतंय. करपत नव्हतं.

मोहिराला विचारलं. डोळ्यात चिलट गेलं होतं म्हणाली. दोन्ही डोळ्यांत? हो, दोन्ही.

मला आता सगळं दिसतंय. ही बाई स्वतःचा नवरा टिकवू शकली नाही आणि माझ्या सुनेच्या डोक्यात नाही नाही ते भरवतेय. हॉटेलात असल्या पुष्कळ पाहिल्या. एकट्या येतात, दोन दिवसांत मोलकरणीला मैत्रीण करतात आणि जाताना तिच्या घराला आग लावून जातात. मोहिराचंही चुकतंच. पदरात मूल असतं तर जीव घरात रमला असता. लग्नानंतर आठ महिने होता शेरोज, तेवढ्यात पुरे झालं असतं. हे मी तिला आज बोलून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि शिवणयंत्रावर जाऊन बसली. हल्ली पहाटेपासून ते यंत्र घरघरत असतं. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे कपडे शिवते. नवरा पैसे पाठवतोय ना, मग कशाला, म्हटलं तर म्हणे वेळ जातो.

८ जून

यित्का उद्या जाणार, आगगाडीने, थेट उत्तरेला. गाडी सारातोववरून जाते हे तिच्याच तोंडून कळलं आणि मी सगळं विसरून तिचा हात धरला. म्हटलं, तिथे उतरा. एक रात्र राहा. माझ्या मुलाला भेटा, त्याच्यासाठी जर्दाळू न्या, तो कसा दिसतो ते मला सांगा.

ती माझ्याकडे नाही, मोहिराकडे बघत होती. मोहिराने मान डोलावली. माझ्या मुलाला भेटायला हिची परवानगी कशाला लागते ते मला समजलं नाही. मग मोहिरा आत गेली आणि कागदावर पत्ता लिहून घेऊन आली. रस्ता, इमारत, मजला, सगळं.

"पत्ता होता तुझ्याकडे?"

"नवा आहे, ओचा. मागच्याच महिन्यात सांगितला."

बायकोला पत्ता, आईला सलाम. असो. सुक्या जर्दाळूंत बी राहिली नाही ना म्हणून एकेक हातात घेऊन बघितला. मोठे मोठे वर ठेवले. शेरोजला गोड जर्दाळू आवडतात, आंबट निघाला तर तोंड कसं करतो ते डोळ्यांसमोर आलं आणि मला रडू आलं. यित्काला सांगितलं, म्हणा की नान वाट बघतोय. ती बॅगेचे पट्टे घट्ट करत राहिली.

१० जून

नान नाही.

सकाळी खोली झाडायला मी गेले, मोहिरा बाजारात होती. खिळा आहे, दोरा आहे, नान नाही. पलंगाखाली, गादीमागे, खिडकीबाहेर, सगळीकडे बघितलं. काल रात्री त्या खोलीत एक इटालियन पोरगा आणि त्याची मैत्रीण उतरली होती. पोरगा आल्यापासून खातच होता. मी सरळ विचारलं, नान कुठेय. त्याला कळेना. मी खिळ्याकडे बोट दाखवलं, मग त्याच्या पोटाकडे. त्याची मैत्रीण हसायला लागली, तेव्हा माझं डोकं सटकलं आणि मी त्याची बॅग उघडली. बिस्किटं निघाली, भिजके मोजे निघाले. नान नाही.

ती दोघं तासाभरात गेली. पोरगी जाताना रडत होती.

मोहिरा आली तेव्हा मी खिळ्याखाली जमिनीवर बसले होते. ती म्हणाली, "ओचा, पाहुण्यांनी नसेल नेला."

"मग कोणी? उंदराने?"

तिने बाजाराची पिशवी खाली ठेवली. "उंदीर असेल," म्हणाली.

तीन वर्षं ज्याला तोंड लावायची उंदराची छाती झाली नाही, तो आज दोरा न कुरतडता नान घेऊन गेला. शेरोज कुठल्याशा इमारतीच्या कितव्या मजल्यावर चढला असेल आत्ता. मी मोहिराला म्हणाले, फोन कर त्याला. ती तंदूरमागे गेली आणि लगेच परत आली. लागत नाही म्हणाली.

१४ जून

संध्याकाळी शेरोजचा फोन आला. बरा आहे. जीव भांड्यात पडला.

त्या इटालियनांनी वेबसाइटवर आपल्या घराविषयी लिहिलंय. रोहतच्या मुलीने सांगितलं, म्हणून मोहिराला वाचून दाखवायला लावलं. ती आधी मनात वाचत राहिली. मग म्हणाली, "लिहिलंय, जागा स्वच्छ आहे. अंगण सुंदर. घरच्या बाई पाहुण्यांवर बारीक लक्ष ठेवतात."

तरी मला वाटलंच होतं. पोरगा खादाड असला तरी मनाचा वाईट नव्हता.

१९ जून

उंदराचा पिंजरा लावला. काही सापडलं नाही. पुढच्या आठवड्यातल्या तिन्ही मंडळींनी येणार नाही म्हणून कळवलं. इतकं चांगलं लिहून आल्यावर हे काय, कळत नाही. रोहत म्हणते, अपा, तुमचं नाव जगभर झालंय. कुत्सितपणे म्हणाली की काय, कोण जाणे.

२५ जून

दुपारी घरातला फोन वाजला. यित्का. मोहिरा शिवलेले कपडे पोचवायला गेली होती.

"पोचलात का?"

"केव्हाच. सारातोव मागे राहिलं. तुमच्या मुलाला भेटले."

मी तिथेच बसले. "कसा आहे?"

"तब्येतीने चांगला आहे. थोडा सुटलाय."

"जर्दाळू आवडले?"

"जर्दाळू त्या बाईंनी आत नेले."

"घरमालकिणीने?"

फोनमध्ये खरखर होती. मग म्हणाली, "तिच्या कडेवर मुलगा होता. वर्षाचा असेल."

"घरमालकिणीचा," मी म्हणाले.

पुन्हा खरखर. मला वाटलं लाइन तुटली. मग ती म्हणाली, "आणि नान खाल्ला त्याने."

"कुठला नान?"

"मोहिराने दिला होता तो. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."

मी काय बोलले ते आठवत नाही. काहीतरी विचारलं असेन, कारण ती सांगायला लागली. "दारातच खाल्ला, उभ्या उभ्या. मला आत या म्हणाला नाही. मी रुमाल सोडला तेव्हा आधी दोन पावलं मागे सरला. मग आतून चहाचा कप मागवला आणि त्यात बुडवून बुडवून खायला लागला. दगड झाला होता त्याचा. थोडा राहिला तेव्हा मी म्हटलं, राहू द्या, दात जातील. म्हणाला, नाही, संपवायलाच पाहिजे. तळहातावरचे कणसुद्धा त्याने जिभेने टिपले. मग म्हणाला, आईला सांगा, झालं."

"झालं म्हणजे?"

"तेवढंच म्हणाला."

मी रिसीव्हर ठेवला. तो मुलगा घरमालकिणीचा असणार. रशियात घरमालकिणी तरुणही असतात.

२६ जून

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी मोहिरा पीठ मळत होती. मी म्हणाले, "नान तू चोरलास."

"चोरला नाही, पाठवला. त्याचाच होता, त्याला पाठवला."

आजवर ती त्याला 'ते' म्हणायची. मला आधी तेच ऐकू आलं, बाकीचं नंतर.

"नवऱ्याला एकेरी बोलतेस?"

"नवरा नाही तो माझा." तिचे हात पिठात चालूच होते. "दोन हिवाळे झाले, ओचा. फोनवर म्हणाला. तलाक, तलाक, तलाक. मागे टीव्ही चालू होता, कुठलातरी सामना. मग म्हणाला, आईला हळूहळू सांग."

"आणि रोज फोन यायचा तो?"

"कोणाचाच नाही."

"तू हसायचीस."

"तुम्ही ऐकत असायच्यात म्हणून."

मी म्हटलं, खोटं. तो पैसे पाठवायचा. तिने पिठाचा हात रिकाम्या कानाकडे नेला आणि परत खाली घेतला. मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांची आठवण काढायचा. ती म्हणाली, तुमचे गुडघे मला दिसतात ना. शालीचं मी विचारलं नाही. शाल माझ्या अंगावरच होती.

"मला वेडी ठरवलंस. माझ्याच घरात."

"आधी माझ्यासाठीच केलं," ती म्हणाली. "माहेरी गेले असते तर भावाने कुठल्यातरी म्हाताऱ्याच्या घरी दुसरी म्हणून पाठवलं असतं. मला दुसरीकडे जागा नव्हती. मग पुढे तुम्ही रोज संध्याकाळी विचारायच्यात, आज काय म्हणाला. काहीतरी सांगायला लागायचं."

"मग तसंच चालू द्यायचं होतं. नान का पाठवलास?"

"गेल्या महिन्यात त्याचा खरा फोन आला. एवढ्या दिवसांतला एकच. म्हणाला, पोरगा सारखा आजारी पडतो, मला झोप लागत नाही, तो नान भिंतीवर आहे तोवर असंच होणार, फेकून दे. मी म्हटलं, फेकत नाहीत. पत्ता दे, पाठवते."

"माझ्या नातवासाठी," मी म्हणाले. शब्द तोंडातून गेला तेव्हा कळलं की मी काय बोलले.

"माझ्यासाठीसुद्धा," ती म्हणाली. "रोज त्याच्याखाली झाडावं लागायचं मला."

मी तिला नको ते बोलले. वांझ म्हणाले, आणखीही काही. ते इथे लिहीत नाही. तिने पीठ झाकून ठेवलं, हात धुतले आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

३० जून

तिच्याशी बोलत नाही. ती बोलते, त्याने जास्तच राग येतो. पाहुणा कोणी नाही. इटालियनांनी खरंच काय लिहिलं होतं ते रोहतच्या मुलीकडून वाचून घेतलं. चार ओळी आहेत, चारही माझ्यावर.

संध्याकाळी ती भांडी घासत होती. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आज काय म्हणाला?"

ती थांबली. नळ तसाच वाहत होता.

"बरा आहे म्हणाले," ती म्हणाली. "पाऊस आहे तिकडे."

मी म्हणाले, बरं.

६ जुलै

मोहिरा उद्या खुजंदला जाणार. तिच्या मावशीचं तिथे शिवणकामाचं दुकान आहे, हाताखाली माणूस हवंय, राहायला वरची खोली. हे यित्काने तिच्या डोक्यात भरवलं, असं मला अजूनही वाटतं. बागेत बसून रडतेस कशाला, मावशीला विचार, असं म्हणाली होती म्हणे. मी इथे तिला इतकी वर्षं बघतेय, मला ते सुचलं नाही. सुचायला आधी ती रडते हे तरी कळायला हवं होतं.

मी म्हटलं, जा. कोणाला धरून ठेवायची मला हौस नाही. पाहुणे आले की मीच भाषांतर करेन. ती म्हणाली, तुम्हाला इंग्रजी येत नाही. म्हटलं, हातवारे येतात.

७ जुलै

उजाडायच्या आधी उठून मीच तंदूर पेटवला. गुडघ्यांनी नको केलं, पण एक नान लावला, तिळाचा, मोठा. ती बॅग घेऊन अंगणात आली तोवर तो निघाला होता. चहा केला. तिच्या प्याल्यात थोडाच ओतला, तळाशी. ती प्यायली. पुन्हा थोडाच ओतला. तिने प्याल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. गाडी सात वाजताची आहे म्हणाली.

मी नान तिच्यासमोर धरला. "चाव."

"ओचा, नको."

"एक घास. जास्त नाही सांगत."

"चावला तर परत यावं लागेल."

"माहीत आहे मला. मीच शिकवलंय तुला."

तिने नान माझ्या हातातून घेतला. गरम होता, ती या हातातून त्या हातात करत राहिली. मला वाटलं चावते. तिने तो मधोमध मोडला, अर्धा माझ्या हातात दिला. "बसा," म्हणाली. "दोघी मिळून संपवू. टांगायला काही उरायला नको."

मला भूक नव्हती. तरी खाल्ला. ओट्यावर समोरासमोर बसून आम्ही तो सगळा खाल्ला, सावकाश, चहाबरोबर. सांडलेले तीळ तिने बोटाने टिपून घेतले, मीही टिपले. चांगला झाला होता. मीठ किंचित कमी, पण ती काही बोलली नाही.

दारात म्हणाली, तेल रोज लावा. शेरोज म्हणाला म्हणून लावते, असं मी बोलून गेले. ती हसली. तंदूरमागून यायचा तसला आवाज नव्हता तो. मी निळी शाल काढून तिच्या खांद्यावर टाकायला गेले, तिने परत माझ्याच अंगावर गुंडाळली. "तुमच्या वाढदिवसाची आहे," म्हणाली. कोणी दिली ते दोघींनाही सांगायची गरज नव्हती.

११ जुलै

आज एक पाहुणा आला. एकटा, तरुण, कुठल्या देशाचा ते कळलं नाही. त्याने बहुतेक ते वेबसाइटवरचं वाचलेलं नाही. मोठी खोली दिली. सलाम केला त्याने, छातीवर हात ठेवून, कुठेतरी शिकून आला असेल. चहा दिला, अर्धा प्याला.

आंघोळ करून आला आणि ओला टॉवेल त्याने त्या खिळ्याला अडकवला. मी दारातच उभी होते. माझा चेहरा बघून त्याने तो पटकन काढला आणि खिळ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. हा कशाचा आहे, असंच असणार. समजावून सांगायला मोहिरा नव्हती. हॉटेलातल्या नोकरीतून मला इंग्रजी एकच शब्द आला, रोज दारोदार जाऊन म्हणावा लागायचा.

"टॉवेल," मी म्हणाले, आणि त्याच्या हातातून घेऊन तो परत तिथे टांगला.